पहिली नानकटाई

मुबीनाला कशाचीही किळस येई, आणि आलेली किळस लपवायचे कष्ट तिने कधी घेतले नाहीत. वडनेर भोलजीच्या बाजाराच्या टोकाला तिच्या नवऱ्याची, वहाबची बेकरी होती. बेकरी म्हणजे पुढे पत्र्याचं शेड, मागे विटांची भट्टी आणि मधे एक लाकडी पाट. त्या पाटावर मुबीना बसे आणि समोरून जाणाऱ्या दुनियेला नाकं मुरडी. गिऱ्हाईक खाकरलं की ती पदर नाकाला लावी. वहाबने घामाचा हात लुंगीला पुसला की "तौबा, तौबा" करत तोंड फिरवी. नणंदेच्या लग्नात ताटात केस निघाला म्हणून ही बाई भर पंगतीतून उपाशी उठली होती, आणि नणंद त्यानंतर कितीतरी वर्षं तिच्याशी बोलली नव्हती. गावातल्या बायका म्हणायच्या, "मुबीनाबीकडे पाव आणाले जाचं तं पहिले आंघोळ करा लागते माय."

आणि तरी सणासुदीला ह्याच बायका त्याच नाकासमोर रांगेत उभ्या राहायच्या. घरची नानकटाई भट्टीवर भाजून आणायची, ही तिकडची जुनी रीत. मैदा, तूप, पिठीसाखर, वेलची आणि ऐपतीप्रमाणे काजू, चारोळी, किसमिस, खारीक, सगळं घरून न्यायचं. भट्टीवाला मळून, थापून, भाजून द्यायचा आणि भाजणावळ घ्यायचा. एकीचा माल दुसरीच्या डब्यात जाऊ नये म्हणून प्रत्येक घराचा ठसा वेगळा. कोणी चावी आणे, कोणी शर्टाचं बटण, कोणी सोड्याच्या बाटलीचं बूच. कच्च्या नानकटाईवर ते टेकवलं की झालं, मग भट्टीत कोणाचाही भाजायचा पत्रा कुठेही सरको.

सत्यभामाबाईचा ठसा जोडव्याचा होता. ती पायातलं जोडवं काढायची, लुगड्याला पुसायची आणि थेट मेव्याच्या नानकटाईवर टेकवायची. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मुबीना पाटावरून उठलीच. "पायातलं खाण्यात?" असं ती एवढ्या जोरात ओरडली की रस्त्यावरचे लोक थांबले. भांडण चांगलं दिवस मावळेपर्यंत चाललं. शेवटी सत्यभामाबाईचा ठसा काही बदलला नाही, पण दर दिवाळीला मुबीना ते जोडवं स्वतः उकळत्या पाण्यात घालून काढू लागली. दोघींची मैत्री तिथून सुरू झाली असं म्हणायला हरकत नाही.

भट्टीची खरी रीत पुढची होती. पहिला पत्रा बाहेर निघाला की त्यातली पहिली नानकटाई मुबीना खायची, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत. चांगली असली की नुसती मान हलवायची. वाईट असली की तिथेच राखेत थुंकायची आणि काय वाईट आहे ते सगळ्यांसमोर सांगायची, मग ती पाटलीणबाई असो की मोलकरीण. तूप खवट आहे. मैद्यात किडे होते. वेलची मागच्या सालची आहे. लोकांना राग यायचा, पण मुबीनाने मान हलवलेली नानकटाई गावातलं कोणीही डोळे मिटून पोराच्या हातात द्यायचं. वहाबची भट्टी काही फार मोठी नव्हती आणि पावही त्याचा कधी कधी कडक व्हायचा. भट्टीची सगळी पत त्या एका घासावर उभी होती, आणि हे नवराबायको दोघांनाही माहीत होतं.

त्या साली दिवाळी आणि रमजान ईद एकाच आठवड्यात आली. भट्टी रात्रंदिवस पेटलेली, पऱ्हाटीचे म्हणजे कापसाच्या काड्यांचे भारे दाराशी रचलेले, आणि मुबीनाचे रोजे. चाखणार कोण? वहाब म्हणाला, जिभेला लावून थुंकलं तर चालतं. मुबीनाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो परत भट्टीकडे वळला. रोज्यात तोंडात साखर घोळवायची आणि मग थुंकायची, ही कल्पनाच तिला सोसेना. आजवर तिचा एक रोजा चुकला नव्हता. म्हणून तिने मागच्या गल्लीतून सत्यभामाबाईला बोलावून आणलं आणि आपल्या पाटाशेजारी दुसरा पाट टाकला.

"माह्या जागी तू खाजो," मुबीना म्हणाली. "खरं सांगजो. वाईट असली तं थुकजो."

"थुकू कायले? खाण्याची वस्तू हाये," सत्यभामाबाई म्हणाली.

हीच तिची अडचण होती. सत्यभामाबाईला काहीही चालायचं. शिळी भाकर, आंबलेलं वरण, करपलेलं पिठलं, ती मजेत खायची. तिचा नवरा पंजाबराव कापूस पेरायचा आणि फवारणीच्या दिवसांत ती पंपाला पाणी आणून द्यायची. इतकी सालं तो वास घेऊन तिचं नाक मेलं होतं, असं ती स्वतःच हसत सांगायची. नाक मुबीनाचं जिवंत होतं. फवारणीच्या दिवसांत सत्यभामाबाईच्या लुगड्याला येणारा औषधाचा तो वास तिला गल्लीच्या तोंडापासून कळायचा, आणि आंघोळ केल्याशिवाय ती मैत्रिणीला उंबरठा ओलांडू देत नसे.

खरं म्हणजे त्या साली तो वास यायलाच नको होता. बाजारात कृषी केंद्र चालवणाऱ्या हिंमतरावाने उन्हाळ्यात जीपवर भोंगा लावून गावोगाव सांगितलं होतं की हे बीटीचं बियाणं घ्या, बोंडाला अळी लागत नाही, फवारणीची कटकट संपली. लोकांनी रांगा लावून घेतलं. पाकिटं कोणती, आतलं बी कोणतं, देव जाणे. पोळ्यानंतर बोंडं फोडली तर आत अळ्या वळवळत होत्या. मग त्याच हिंमतरावाने त्याच काउंटरवरून त्याच लोकांना औषध विकलं. सत्यभामाबाईचं लुगडं त्या साली नेहमीपेक्षा जास्त घाण मारलं. चार लोक तालुक्याला तक्रार घेऊन गेले, पंजाबरावही त्यांत होता. दिवाळी जवळ आली तशी बाजारात हिंमतरावाच्या पाठीमागे कुजबुज वाढली.

हिंमतराव काही कच्चा माणूस नव्हता. माणसाचं तोंड गोड केलं की ते बंदही होतं, हे त्याला धंद्याने शिकवलं होतं. ज्यांनी ज्यांनी बियाणं नेलं त्यांच्या घरी दिवाळीला मेव्याच्या नानकटाईचा डबा पाठवायचा, असं त्याने ठरवलं. त्यासाठी त्याने सुताराकडून खास ठसा करून घेतला, उमललेल्या कापसाच्या बोंडाचा. तो ठसा मुबीनाने पाहिला तेव्हाच तिचं तोंड कडू झालं. ज्या बोंडाने माणसं रडवली, तेच बोंड त्यांना खायला घालायचं. एवढा निर्लज्जपणा तिने गावात आजवर पाहिला नव्हता.

माल भाजायच्या आदल्या संध्याकाळी आला. हिंमतरावाच्या दुकानातला नोकर सहदेव, उतारवयाचा, डोक्याने साधा माणूस, गाडीवरून पोती उतरवत होता. मुबीनाने किसमिसच्या पोत्याचं तोंड उघडलं आणि हात मागे घेतला. किसमिस गोळ्यागोळ्याने चिकटलेली, मधे जाळी, जाळीत बारीक पांढऱ्या अळ्या. काजूला भोकं. बदामाचा भुगा. अळ्या सगळ्या मेलेल्या होत्या, एकही हलत नव्हती, पण तेव्हा तिला त्याचं काही वाटलं नाही. मेलेली काय आणि जिती काय, अळी ती अळी.

"हे वापस न्या," ती म्हणाली.

हिंमतराव जीपमधून उतरला, तोंडातल्या पानाची पिंक त्याने भट्टीच्या भिंतीच्या कडेला टाकली आणि हसला. त्याचे दात पाहून मुबीनाने पदर नाकाला लावला.

"मुबीनाभाभी, मेवा म्हटला का किडा आलाच. निवडून घ्या न. एकदा भट्टीत गेलं का काय राह्यते? सारं जळून जाते."

वहाब मधे पडला. भट्टीवरचं छत पावसाळाभर गळलं होतं आणि एवढं मोठं काम पुन्हा कधी येणार होतं? तो बायकोला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "चाळून घेतो मी. एक एक दाणा पाहून घेतो."

मुबीनाने नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याची आशा तिला दिसली आणि तिची तिलाच चीड आली, कारण ती नरमली. तिने हिंमतरावाला तिथेच सगळ्यांसमोर सांगितलं की पहिला घास होईल, आणि तो वाईट निघाला तर ह्या भट्टीतून एक पत्रा पुढे जाणार नाही. तीन गावांतली पोरं हे खाणार आहेत. हिंमतरावाने मान डोलावली आणि पुन्हा पिंक टाकली.

वहाबने रात्री बसून खरंच निवडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तूप फेटलं गेलं, मैदा मळला गेला, बोंडाचे ठसे उठले. रांगेत दहा-बारा बायका आपापले डबे घेऊन बसल्या होत्या, सगळ्यांत पुढे तानुबाई, जिची जीभ गावात मुबीनाच्या नाकाइतकीच प्रसिद्ध. सत्यभामाबाईचा स्वतःचा घाणा आदल्या दिवशीच झाला होता आणि जोडव्याचे ठसे असलेली तिची नानकटाई डब्यात भरून, आज जाताना न्यायची म्हणून, मुबीनाच्या घरात ठेवली होती. आज ती फक्त चाखायला आली होती, आणि सकाळपासून इतकं चाखून झालं होतं की तिची दाढ दुखायला लागली होती.

हिंमतरावाचा पत्रा भट्टीत गेला. थोड्या वेळाने वेलची-जायफळाचा वास सुटला आणि त्या वासाखालून दुसरा एक वास वर आला. मुबीनाने नाक आवळलं.

"सत्यभामा, आज आंघोळ केली नाई का वं?"

"डोक्यावरून केली न माय."

"लुगडं बदललं?"

"धुतलेलं हाये. तुह्यं नाकच खराब झालं आता."

बायका हसल्या. मुबीनाला तो वास ओळखीचा होता, म्हणूनच तिची चूक झाली. तो वास आणि ती मैत्रीण, दोन्ही तिच्या डोक्यात इतकी जोडलेली होती की वास दुसरीकडून येत असेल हे तिच्या मनातही आलं नाही. तिने पाट थोडा दूर सरकवला.

पत्रा निघाला. वहाबने लांब दांड्याच्या फावड्याने तो ओढून पुढे ठेवला. हिंमतराव पायरीवर एक पाय ठेवून उभा होता. सत्यभामाबाईने हात पुढे केला तेव्हा तो सहज बोलल्यासारखा बोलला, "पंजाबरावले सांगजा वहिनी, पुढच्या सालच्या बियाण्याची फिकीर करू नका म्हणा. तुमच्या घरचं मी पाहीन. तालुक्याले चकरा माराची काही गरज नाई."

सत्यभामाबाईने मान हलवली आणि नानकटाई तोंडात टाकली.

मुबीना तिच्याकडेच पाहत होती. पहिल्यांदा चावली तेव्हा काही झालं नाही. दुसऱ्यांदा चावली आणि तिचा जबडा थांबला. डोळे पाण्याने भरले. तिने हिंमतरावाकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि गळ्यातली शीर ताणून तो घास गिळला. सगळा.

"चांगली हाये," ती म्हणाली.

तेव्हा मुबीनाला कळलं की वास लुगड्याचा नाही.

"थुक," ती म्हणाली. "सत्यभामा, थुक!"

"काऊन? चांगली हाये न."

रांगेतल्या बायका एकीकडून दुसरीकडे बघत होत्या. हिंमतराव म्हणाला, "झालं न भाभी? तुमचंच माणूस, तुमचाच कायदा. लावा दुसरा पत्रा."

मुबीना उठली. तिने पत्र्यातली नानकटाई उचलली, बोंडाच्या ठशाची, गरम, तिची बोटं पोळली. वहाब ओरडला, "मुबीना, रोजा!" तोवर तिने ती दातांखाली धरली होती. आधी गोड लागलं, मग कडू, आणि मग जिभेवर अशी आग उठली की कानांतून पाणी आलं असं तिला वाटलं. तिने थुंकलं. राखेत नाही, कुठे थुंकतो आहोत हे तिने पाहिलंच नाही, ते पायरीवर पडलं, हिंमतरावाच्या बुटापाशी. ती थुंकतच राहिली. तांब्याभर पाण्याने चूळ भरली, पुन्हा थुंकली, पदराने जीभ पुसली.

"मेव्याले औषध मारलं यानं!" ती ओरडली. "फवारणीचं औषध!"

कोणी काही बोलायच्या आत सहदेव पुढे आला. त्याला वाटलं, गैरसमज होतो आहे आणि तो दूर केला पाहिजे.

"लय नाई मारलं काकू," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "झाकणभर. अळ्या पडल्या होत्या न, म्हून. बोंडअळीले चालते तं किसमिसच्या अळीले काऊन नाई चालणार? अन मंग दोन पाण्यानं धुतला, वास जाईपर्यंत उन्हात वाळवला. पाह्यलं नाई, एक अळी जिती नव्हती."

सहदेवाचा राग करावा तरी कसा? घराघरांत ढेकणांना तेच औषध, पोरींच्या डोक्यातल्या उवांनाही काही जण तेच लावायचे. त्याला अळी दिसली, हाताशी औषध होतं, त्याने मारलं. मुबीनाला किळस आली ती पुढच्या वाक्याची. हिंमतराव नोकरावर खेकसला, "दोनच पाण्यानं? तुले तीन सांगतले होते न बे!"

तानुबाईने आपला डबा उचलून छातीशी धरला, जणू हिंमतराव त्यातही काही टाकेल, आणि त्याला जे काही सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. गळकं छत, मोठं काम, सगळं वहाबच्या समोर होतं. त्याने तो पत्रा उचलला आणि राखेच्या खड्ड्यात उलटा केला. मग मळलेल्या मैद्याची परात उचलली आणि तीही. हिंमतराव "पाहून घेईन" म्हणत जीपमध्ये बसला आणि जाता जाता त्याने खिडकीतून पिंक टाकली.

सत्यभामाबाई तोवर भट्टीमागे ओणवी झाली होती. उलट्या थांबेनात तेव्हा पंजाबरावाने तिला ऑटोत घालून नांदुऱ्याला नेलं. सलाईन लागलं, पोट धुतलं गेलं, आणि ती दुसऱ्या दिवशी परत आली. थोडक्यात निभावलं, असं डॉक्टर म्हणाले.

मुबीना तिला बघायला गेली नाही. ती ऑटोत बसेपर्यंत मुबीना तिचं डोकं धरून होती, लुगड्यावर उलटी उडाली तरी तिने हात काढला नव्हता. पण बाई वाचली हे कळल्यावर जो राग आला तो सण गेला तरी उतरेना. विष खाल्लं ते एक वेळ समजू शकत होतं. पण खाऊन "चांगली हाये" म्हणाली, तीही माझ्या पाटावर बसून, माझ्या जागी! मुबीना नेमकी तेव्हा नमाजाला गेली असती, तर त्या एका शब्दावर ती नानकटाई तीन गावांत गेली असती आणि पोरांनी हात चाटून खाल्ली असती. हा विचार आला की तिला स्वतःच्या मैत्रिणीचं तोंड आठवायचीही किळस येई.

त्यात हिंमतरावाने दोनच दिवसांत शहरातून सोनपापडीचे डबे मागवले आणि घरोघर वाटले. आणि लोकांनी घेतले! ज्या रांगेतल्या बायकांनी सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं त्यांनीही घेतले, वर "बरं झालं, शेठनं आठवण ठेवली" म्हणाल्या. पंजाबरावाच्या घरीही एक डबा गेला आणि तो परत आला नाही, ही बातमी तानुबाईने न चुकता पोचवली. त्या दिवशी मुबीनाने सत्यभामाबाईचा नानकटाईचा डबा फडताळातून काढला आणि दाराआड, राकेलच्या डब्याशेजारी आपटून ठेवला. वहाब म्हणाला, "देऊन येऊ का तिले?" ती म्हणाली, "पाय असतीन तं येईन न्याले."

दिवाळी गेली. ईद झाली. शिरखुर्म्याला सत्यभामाबाई आली नाही, एवढ्या सालांत पहिल्यांदा. मुबीनाने कोणाला विचारलं नाही, पण दाराकडे पाहायची ती थांबली नाही.

त्या दिवशीचा रोजा तुटला नाही, पोटात काही गेलं नव्हतं, असं वहाब शपथेवर सांगत होता. मुबीनाला ते पटत नव्हतं. जिभेवर ती आग उठली तेव्हा काय आत गेलं आणि काय बाहेर आलं, हे कोण सांगणार? ईदनंतर तिने त्या दिवसाच्या बदल्यात एक रोजा धरला. कापूस वेचणीचे दिवस होते, गल्ली ओस पडलेली. दुपार कलली तशी सत्यभामाबाई अंगणाच्या कडेला येऊन उभी राहिली. वाळली होती. उंबरठ्यापाशी थांबून ती म्हणाली, "आंघोळ करून आली मी."

आत जाऊन मुबीनाने दाराआडचा डबा आणला आणि पायरीवर ठेवला. सत्यभामाबाईने तो उचलला नाही.

"पह्यली तू खाय," ती म्हणाली. "तू खाल्ल्याबिगर घरात कोणाले देणार नाई मी."

"रोजा हाये मले."

"आज? ईद तं होऊन गेली."

"त्या दिवसाचा हाये."

सत्यभामाबाईला ते कळायला थोडा वेळ लागला. मग ती पायरीवर बसली, डबा मांडीवर घेऊन. "बसते मंग," ती म्हणाली. "सूर्य काही इथंच राह्यत नाई."

कोंबड्या अंगणात फिरून गेल्या, वहाबने आतून दोनदा डोकावून पाहिलं आणि शहाण्यासारखा परत गेला. शेवटी मुबीनाला राहवलं नाही.

"काऊन गिळलं तू? म्या सांगतलं होतं न, वाईट असली तं थुकजो. लय घाण वाटली मले तुह्यी."

सत्यभामाबाई डब्याच्या झाकणावरून बोट फिरवत राहिली.

"तुले थुकता येते माय. तुह्या नवऱ्याची भट्टी हाये. माह्या घरचा माणूस बियाणं आणाले कोठी जाईन? ज्याले हिंमतराव देईन त्यालेच भेटते." तिने मुबीनाकडे पाहिलं. "बोंडाले अळी नाई लागत म्हणे, गिळलं. लागली, तं औषध घ्या म्हणे, गिळलं. म्या म्हटलं, एवढं गिळलं तं एक नानकटाई काय जड हाये?"

"अन सोनपापडी?"

"खाल्ली. चांगली होती."

मुबीनाला हसू आलं आणि रडूही, आणि तिने दोन्ही आवरलं. ह्या बाईवर आपण रागावलो होतो खरं, पण रागावून तिच्याकडून वसूल काय करणार होतो, हे तिला सांगता आलं नसतं. तोवर मशिदीतून अजान आली. आतून वहाबने खजुराची बशी आणि पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मुबीनाने खजुराकडे हात नेला नाही. तिने डबा पुढे ओढला, सैल झाकण काढलं, आणि जोडव्याच्या ठशाची एक नानकटाई उचलली.

ती ओठांपाशी नेताच तिला कळलं. राकेल. इतके दिवस दाराआड त्या डब्याला टेकून राहिलेली ती नानकटाई आतून बाहेरून राकेलने माखल्यासारखी घाण मारत होती. आणि तिथे ठेवली कोणी होती? तिनेच, आपटून. सत्यभामाबाईचं नाक मेलेलं, तिला काहीच कळलं नव्हतं. ती मुबीनाच्या तोंडाकडे बघत होती, हात जोडून बसलेल्या माणसासारखी.

मुबीनाने ती तोंडात टाकली. चावली. अंगावर काटा आला, आणि तिने गळ्यातली शीर ताणून तो घास गिळला. सगळा.

"चांगली हाये," ती म्हणाली.

सत्यभामाबाईचा चेहरा उजळला. तिने डब्यात हात घातला, स्वतः एक घेतली आणि निम्मी तोंडात टाकली. दोनदा चावली आणि तिचा जबडा थांबला. मग ती उठली, अंगणाच्या मधोमध गेली आणि मोठ्याने थुंकली.

"थू! राकेल लागते वं हे! थू, थू!" तिने पदराने जीभ पुसली आणि वळून मुबीनाकडे पाहिलं. "काऊन गिळली तू?"

मुबीनाने पाण्याचा तांब्या उचलला आणि उठून मैत्रिणीच्या हातात दिला. तिच्या झाडून सारवून ठेवलेल्या अंगणात, ऐन रोजा सोडायच्या वेळी, एक बाई खाकरून खाकरून थुंकत होती, आणि मुबीनाला किळस येत नव्हती.